संगणकाच्या खोलीची किल्ली

गुलटेकडी, पुणे
२९ ऑक्टोबर २००१

चि. दीपालीस आजीचा जय भीम,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. फोन करायचा तर पोपटच्या दुकानात जावं लागतं, आणि तिथे साबणाची वडी घ्यायला आलेली बाईसुद्धा माझा फोन संपेपर्यंत हलत नाही. शिवाय तूच म्हणाली होतीस, साक्षरता वर्गात एवढी अक्षरं गिरवलीस तर आता वापर. मग घे, वाच.

आपल्या शाळेत संगणक आलेत! तू होतीस तेव्हा साधा टाईपरायटर नव्हता, आणि आता एकदम दहा. सरकारने ठरवलं आहे म्हणे, हायस्कुलं नव्या जमान्याची करायची, नववीपासून पोरांना संगणक शिकवायचा. जूनमध्ये टेम्पोतून खोकी आली. घुले सरांनी (ते आता हेडमास्तर झालेत, तुला भूगोल शिकवायचे, तेच) चित्रकलेच्या खोलीला नवा रंग दिला, खिडक्यांना जाळी मारली, दाराला हे एवढं कुलूप. चपला बाहेर. प्रत्येक यंत्रावर गुलाबी प्लॅस्टिकचा झगा.

शिकवणारे मास्तर आठवड्यातून एकदा येतात आणि फळ्यावर माउस काढतात. पोरं तो वहीत उतरवून घेतात. मी एकदा वर्ग झाडता झाडता विचारलं, "सर, खऱ्यावर कधी बसवणार?" घुले सर म्हणाले, "चंपाबाई, तपासणी होईपर्यंत ओरखडा नको. सरकारची वस्तू आहे."

आता खरी गंमत. खंडेनवमीला सरांनी यंत्रांची पूजा केली. सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता, झेंडूचे हार. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, मी विहारात, मला काही पत्ता नाही. शनिवारी येऊन बघते तर सर कपाळाला हात लावून बसलेले. तीन नंबरच्या यंत्राची बटणं दाबली की वर येईनात. खाली अक्षता अडकल्या होत्या, आणि कुंकू सगळं आत. मी चित्रकलेच्या कपाटातला बारीक ब्रश घेतला आणि दोन तास बसून एकेक दाणा काढला. सर इतके खूश झाले की म्हणाले, "आजपासून या खोलीची किल्ली तुमच्याकडे. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी झटकून पुसून घ्यायचं."

तर तुझी आजी, चौथी नापास, सरकारच्या दहा संगणकांची मालकीण आहे. मे महिन्यात नोकरी संपते, पण शेवट झोकात होणार बघ. ओल्या फडक्याने पुसलं तर चालतं का ते कळव.

तुझी,
आजी


बंगळूर
५ नोव्हेंबर २००१

प्रिय आजी,

ओलं फडकं अजिबात नाही. कीबोर्ड उलटा धर, हळूच झटक, आणि तुझा ब्रश ग्रेट आहे, तोच वापर. काचेला कोरडं सुती कापड.

कुंकवाची गोष्ट मी ऑफिसमध्ये सांगितली, सगळे पोट धरून हसले. मी हसले नाही फार. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी लॅबमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने शाळेतच सगळं शिकून घेतलेलं होतं, आणि मला मशीन चालू कुठून करायचं हे माहीत नव्हतं. मी सहा महिने गप्प बसून इतरांची बोटं बघत होते. घुले सरांना सांग, ओरखडे पडू देत.

पण तू सांगू नकोस. तुझे सात महिने राहिलेत. किल्ली आहे तर पुसायचं आणि कुलूप लावायचं. प्रॉमिस?

तुझी दीपा


गुलटेकडी
११ डिसेंबर २००१

चि. दीपालीस,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. चकली यंदा जरा तेलकट झाली, पण तू नव्हतीस म्हणून कोणी नावं ठेवली नाहीत. आपल्या गल्लीतल्या उल्काच्या मुलीचं बारसं झालं. तुझ्या पत्रातलं कॉलेजातल्या त्या शेजारणीचं वाचून मला रात्रभर कसंसंच झालं. सहा महिने गप्प बसलीस आणि आम्हाला इकडे लिहायचीस, सगळं छान आहे.

आता एक सांगते, रागावू नकोस. प्रॉमिस म्हणजे वचन ना? मी दिलेलं नव्हतं, तू मागितलं होतंस.

मिसबा नावाची मुलगी आहे, नववी ब. तिचे वडील चांदभाई मार्केट यार्डात टेम्पो चालवतात. ते सकाळी सहाला यार्डात जाताना हिला शाळेच्या पायरीवर सोडतात. शाळा भरते सव्वासातला. थंडीत ती पायरीवर कुडकुडत बसायची, मांडीवर पुठ्ठा. त्या पुठ्ठ्यावर तिने संगणकाची सगळी बटणं पेनाने काढली होती आणि त्यावर बोटं आपटत होती. मी म्हटलं, "काय गं, काय वाजवतेस?" म्हणाली, "आजी, माझं नाव लिहितेय."

दिवाळीच्या आधीची गोष्ट आहे ही. किल्ली माझ्या कमरेला. तूच सांग, मी काय करायला हवं होतं?

पहिल्या दिवशी एकटी. मग तिने दोन मैत्रिणी आणल्या. आता सहा जणी येतात. सुट्टी सोडून रोज. साडेसहा ते सात. मी पुसते, त्या बसतात. मास्तरांच्या वहीतलं बघून त्यांनीच शोधून काढलं सगळं. नाव लिहितात, पत्ता लिहितात, मिसबाने तर यार्डातले भाज्यांचे भाव चौकटीत मांडले. सात वाजता बंद, झगे घातले, कुलूप. सरांना संशयसुद्धा नाही. पाऊलखुणा पण मी पुसून घेते.

एवढा आनंद मला तुझ्या नोकरीच्या वेळी झाला होता, त्यानंतर आत्ताच.

तुझी आजी


बंगळूर
१८ डिसेंबर २००१

आजी,

मी घाबरले आहे, म्हणून सरळ लिहिते.

तू फरशीवरच्या खुणा पुसतेस. मशीनच्या आतल्या कोण पुसणार? मुलींनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट आत साठते, आणि तिच्यासमोर तारीख आणि वेळ आपोआप पडते. सकाळी ६:४०, रोज. कोणीही उघडलं की दिसेल. त्या वेळी शाळेत फक्त तू असतेस आणि किल्ली फक्त तुझ्याकडे आहे. विनापरवानगी प्रयोगशाळा उघडली, विद्यार्थ्यांना आत घेतलं: एवढं एका शिपाईबाईला निलंबित करायला पुरेसं आहे. चौतीस वर्षं नोकरी करून शेवटच्या पाच महिन्यांत? पेन्शनचं काय?

पुढच्या पानावर पायऱ्या लिहिल्यात. मिसबाला वाचून दाखव, तिला कळेल. फाईलवर एकदा क्लिक, मग डिलीट लिहिलेलं बटण, मग विचारेल त्याला "येस". सगळ्या फाईली. सगळ्या मशीनवरच्या. आणि मग थांबा.

मला त्या मुलींचं वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण तू माझी एकच आजी आहेस.

दीपा


गुलटेकडी
१९ डिसेंबर २००१

चि. दीपालीस,

तुझं उत्तर यायच्या आतच लिहिते, कारण तेवढं थांबता येणार नाही.

आज ऑफिसातली कपाटं झाडताना तपासणीचा सरकारी कागद टेबलावर होता. मी वाचला. हळू वाचते पण वाचते. एक ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली: "संगणकांचा विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष वापर होत नसल्याचे आढळल्यास संपूर्ण संच काढून घेऊन दुसऱ्या शाळेस देण्यात येईल." तपासणी २४ जानेवारी.

मी दोनदा वाचली, बोट ठेवून. म्हणजे सर ज्या ओरखड्याला भितात तोच त्यांना बघायचा आहे! वापराची नोंदवही म्हणून एक आहे, ती सरांनी कोरी ठेवली आहे. मला दाखवतात, "बघा चंपाबाई, नव्याची नवी." मी भीतभीत म्हटलं, "सर, त्या कागदात वापर असं लिहिलंय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही आता परिपत्रकं वाचायला लागलात? झाडू कुठाय?"

काय करू गं? संगणक गेले तर मिसबा परत पुठ्ठ्यावर.

आजी


बंगळूर
२६ डिसेंबर २००१
(स्पीड पोस्ट)

आजी,

तुझं १९ तारखेचं पत्र आज मिळालं. माझं १८ चं तुला मिळालंच असेल.

काही पुसू नका! पोपटकाकांच्या दुकानात चार वेळा फोन केला, लाईन लागत नाही. नोंदवही कोरी असेल तर मशीन वापरली गेल्याचा पुरावा म्हणजे फक्त त्या फाईली. मीच तुला तो पुरावा नष्ट करायला सांगितलं.

पुसल्या असतील तर मला लगेच कळव. आणि आजी, त्या फाईली दाखवल्या तर तू अडकतेस हे विसरू नकोस. मला काय सांगावं तेच कळत नाहीये.

दीपा


गुलटेकडी
३ जानेवारी २००२

चि. दीपालीस,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं २२ ला, दुसरं २९ ला. मधल्या दिवसांत काय झालं ते ऐक.

पहिलं पत्र वाचलं आणि तू म्हणतेस तसंच करायचं ठरवलं. सोमवारी मिसबाला दिलं. तिने वाचलं, तोंड एवढंसं झालं, पण म्हणाली, "आजी, तुमची नोकरी आहे." बसली पुसायला. एक गेली, दोन गेल्या. तर बाकीच्या पोरी ओरडायला लागल्या, "मला पण पुसू दे, मला पण!" त्यांना ते नवीन होतं ना! रांगच लागली. मी डोळे पुसतेय आणि या फाईली पुसतायत, हसत हसत.

सगळ्या गेल्या दीपाली. दहाही यंत्रं कोरी.

नाताळची सुट्टी झाली, २६ ला परत आलो. मी म्हटलं, आज शेवटचं, पुसून घेते आणि बंद. मिसबाने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीचं चित्र दाबलं, तिला वाटलं बघू आत काय असतं. आत सगळं होतं! तिथून परत काढायची पण सोय आहे. तुला माहीत असणारच, मग लिहिलं का नाहीस? तीन दिवस पोरींनी दुसरं काही केलं नाही. पुसायचं, काढायचं, पुसायचं, काढायचं. मिसबा म्हणते तारखा जुन्याच राहिल्या आहेत, तिने एकूण एक बघितल्या.

तर आहे सगळं जागेवर. आता दाखवायचं की नाही ते मी बघते. तू जेवण वेळेवर कर.

आजी


गुलटेकडी
२५ जानेवारी २००२

चि. दीपालीस,

काल तपासणी झाली. घाईने लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

मॅडम आल्या, सुती साडी, बरोबर एक कारकून. घुले सरांनी दारात रांगोळी काढून घेतली होती. मी पाण्याची तांब्याभांडी घेऊन उभी. मॅडमनी पहिल्यांदा नोंदवही मागितली. पान उलटलं, दुसरं उलटलं, शेवटपर्यंत गेल्या.

"हे काय, घुले सर? एकही नोंद नाही?"

"मॅडम, आपण यंत्रं बघा. एकसुद्धा ओरखडा नाही. आल्या दिवशी होती तशीच्या तशी."

"ते दिसतंय." एवढंच बोलल्या. बाई पक्की पुण्याची. "मुलांना हे कशासाठी दिलं होतं, सर? दर्शनाला?"

सर हसले. त्यांना वाटलं, कौतुक आहे. मॅडम कारकुनाला म्हणाल्या, "लिहून घ्या. वापर निरंक."

दीपाली, तो पेन कागदाला टेकला ते मी बघितलं. मला त्या क्षणाला पेन्शन आठवली, तू आठवलीस, तुझ्या आजोबांनी घातलेलं घराचं पत्र्याचं छप्पर आठवलं. आणि पाणी ठेवून मी म्हटलं, "मॅडम, लिहायच्या आधी एखादं उघडून बघाल का?"

सर म्हणाले, "चंपाबाई, तुम्ही बाहेर व्हा."

मॅडम म्हणाल्या, "थांबा बाई. का उघडू?"

"आत मुलींचं काम आहे."

कारकुनाने तीन नंबरचं लावलं. फाईलींची यादी आली, ही एवढी लांब. मॅडम पुढे झुकल्या. "सहा बेचाळीस. सहा अडतीस. नोव्हेंबर, डिसेंबर, काल सकाळची पण आहे. ही वेळ कसली? खोली कोण उघडतं?"

सर माझ्याकडे बघायला लागले.

"मी उघडते," मी म्हटलं. "पुसायला किल्ली दिली आहे. पुसता पुसता पोरी बसतात. सरांना माहीत नाही."

सरांचा चेहरा पिठासारखा झाला. मॅडमनी मिसबाला वर्गातून बोलावलं. ती आली, चपला काढल्या, बसली, आणि दोन मिनिटांत यार्डातले भाव चौकटीत मांडून खाली बेरीजसुद्धा काढली. मॅडमनी विचारलं, "कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "कोणीच नाही. आजी फक्त सात वाजले की उठवतात."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बॅग उचलली आणि गेल्या. काय लिहिलं ते कोणालाच सांगितलं नाही.

आज सकाळी सरांनी किल्ली काढून घेतली आणि हातात नोटीस दिली. कारणे दाखवा. महिन्याभरात लेखी उत्तर. मिसबा पायरीवर बसून होती, मी तिच्याकडे बघितलं नाही.

पण एक सांगू? ती बेरीज बरोबर होती. मॅडमनी बोटावर करून बघितली.

आजी


बंगळूर
३० जानेवारी २००२

आजी,

कशावरही सही करू नकोस. मी रजा टाकली आहे, १६ ला सकाळी पोचते. ओळखीच्या वकिलांशी बोलले, ते म्हणतात की माफीनामा द्यावा, नोकरी वाचेल. मी म्हटलं, माझी आजी माफी मागणारी नाही. मग मीच रडले.

तू बोललीस ते बरोबर केलंस. मी तिथे असते तर तुला गप्प केलं असतं. म्हणून नव्हते ते बरं झालं.

सही नाही. मी येईपर्यंत नाही.

तुझी दीपा


गुलटेकडी
८ फेब्रुवारी २००२

चि. दीपालीस,

ये, जरूर ये, पण वकील आणू नकोस. सही मी आज करून टाकली. रागवायच्या आधी पुढचं वाच.

परवा सरकारचा कागद आला. सरांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं, आणि खुर्ची दिली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच ओळखलं, काहीतरी काम आहे.

मॅडमनी लिहिलं आहे, शाळेत मुलींचा रोज सकाळी सराव होतो, काम चांगलं आहे. पण नोंदवही कोरी का, याचा मुख्याध्यापकांनी दहा तारखेपर्यंत खुलासा करावा. समाधान झालं तर संगणक राहतील, नाही तर जातील.

सर घसा खाकरून म्हणाले, "चंपाबाई, आपण असं लिहू. खोली माझ्या तोंडी सूचनेवरून तुम्ही उघडत होतात. नोंदी तेवढ्या राहून गेल्या. तुमची नोटीस मी रद्द करतो. इथे सही करा."

कागद वाचला. बोट ठेवून, सगळा. सर घाम पुसत होते.

"म्हणजे हे सगळं तुम्ही केलंत?"

"तसं म्हणजे, शाळेने केलं."

"सूचना काय दिली होतीत?"

"चंपाबाई, समजून घ्या."

समजून घेतलं गं. खोटं आहे का? किल्ली त्यांनीच दिली होती. पण माझी सही झाली, संगणक राहिले, आणि परत गुलाबी झगे घालून ठेवले तर? मी तर मे मध्ये घरी. मग मिसबाला कोण उघडून देणार?

मी कागद सरकवला. "सर, सही करते. आधी वेळापत्रक लावा. नववी अ आणि ब, आठवड्याला तीन तास, खऱ्या यंत्रावर. शिक्का मारून, बाहेरच्या फळ्यावर. आणि सकाळी अर्धा तास खोली उघडी राहील असं त्यात लिहा."

"तुम्ही मला अट घालताय?"

"नाही सर. अट ती दहा तारीख घालतेय. मी काय, नोटिशीला पण उत्तर देऊ शकते. खरं खरं."

सर उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. म्हणाले, "मला ते मशीन चालवता येत नाही, चंपाबाई. मुलांपुढे उभं कसं राहायचं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते यंत्र खराब होईल म्हणून घाबरतात. मला एकदम त्यांची दया आली. म्हटलं, "मागच्या बाकावर बसा. मी रोज बसायचे. मुली काही बोलत नाहीत."

आज साडेदहाला वेळापत्रक लागलं. मी फळ्यापाशी उभी राहून सगळं वाचलं, शिक्का बोटाने घासून बघितला, ओला होता. नववी ब चा पहिला तास आजच, अकराला. मग ऑफिसात जाऊन सही केली. जरा वाकडी आली. मला घाई होती, त्या तासाची घंटा मलाच द्यायची होती.

आजी